हरिपूरच्या रस्त्यावरचा एक तास

व्यापारी कुटुंबात दिवसाढवळ्या कोणी खोलीचे दार आतून लावून घेतले, तर बाहेरून पहिला प्रश्न येतो, ‘बरे वाटत नाही का?’ आणि दुसरा येतो, ‘कोणी काही बोलले का?’ आजारपण आणि रुसवा यांखेरीज तिसऱ्या एखाद्या कारणासाठी माणसाला एकटे बसावेसे वाटू शकते, ही शक्यता आपल्या घरांतून फारशी विचारात घेतली जात नाही. त्यात कोणाचा दोष आहे असेही नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा वास्तूत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांच्या लेखी उघडे दार हाच धंद्याचा पहिला नियम. गिऱ्हाईक येते, हमाल येतो, दलाल येतो, जेवणाच्या वेळेला पाहुणा येतो. दार लावून कसे चालेल?

अशा घरातही एक एकांत मात्र सर्वमान्य असतो. वडीलधारे माणूस सामायिकाला बसले की ४८ मिनिटे त्यांना कोणी हाक मारत नाही. दुकानातून निरोप आला तरी ‘अण्णा सामायिकात आहेत’ एवढे उत्तर पुरते. पण ज्याचे मन अद्याप आसनावर ठरत नाही, ज्याच्या डोक्यात उधारीची यादी फिरत असते, त्याने कोठे जावे?

सांगलीच्या पेठेतील एका हळद व्यापाऱ्यापुढे हा प्रश्न वयाच्या पन्नाशीनंतर उभा राहिला. घरात नऊ माणसे. दुकान आजोबांच्या वेळचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते, यावरून काय झाले असेल ते समजावे. दुकानात पुरुषभर पाणी होते आणि मागच्या वखारीतील पोती पाण्याखाली होती. भिजलेली हळद आठ दिवसांनी बाहेर काढली तेव्हा तिला रंग होता, पण तो हळदीचा नव्हता. पुढचे दोन महिने पंचनामा, विम्याचे कागद, बँकेला द्यायचे साठ्याचे विवरण आणि ज्यांचा माल वखारीत होता त्या शेतकऱ्यांची समजूत यांत गेले. कॅश क्रेडिट खात्याचे व्याज पूर ओसरण्याची वाट पाहत नाही. या गृहस्थांनी सर्व देणी वेळेत भागवली, कोणापुढे आवाज चढवला नाही, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांची झोप गेली. रक्तातील साखर सीमारेषेवर आली. डॉक्टरांनी रोज पहाटे चालण्यास सांगितले.

ते चालू लागले. पण चालणाऱ्याला सोबत मिळते. पेठेतील आणखी चौघे जण निघाले आणि पहिल्या आठवड्यातच पहाटेच्या त्या फेरीत हळदीचे भाव, जीएसटीचे विवरण, कोणाची पार्टी बुडाली आणि कोणाच्या मुलीचे कोठे ठरले, हे सर्व विषय रीतसर येऊन बसले. दुकान त्यांच्याबरोबर चालत होते. एके दिवशी केवळ या घोळक्याच्या पुढे जावे म्हणून ते थोडे धावले. मागून कोणी आले नाही. त्यांच्या धावण्याचा आरंभ हा असा आहे. आरोग्य वगैरे कारणे नंतर जोडली गेली; मूळ हेतू सभ्यपणे सोबत टाळणे एवढाच होता.

गावभाग ओलांडून हरिपूरला जाणारा रस्ता सांगलीकरांना नवा नाही. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडे, एका अंगाला कृष्णेकाठची शेते, आणि शेवटी कृष्णा-वारणेच्या संगमावरचे संगमेश्वराचे देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे जन्मगाव. हळदवाल्यांना मात्र हरिपूर आणखी एका कारणाने ठाऊक असते. येथील जमिनीत हळद साठवण्याची पेवे होती. तोंड अरुंद, आत गेल्यावर ऐसपैस, खोली पंचवीस-तीस फूट. तळाशी आणि कडेने पाला घालून हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचे, की वर्षानुवर्षे तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुराने यांतील पुष्कळ पेवे निकामी केली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण येता-जाता वापरतो. या माणसाच्या आजोबांनी ती पेवे भरलेली आणि उघडलेली पाहिली होती.

या रस्त्यावर जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर होतात. धावण्याचा वेग असा, की कोणी सोबत असते तर त्याच्याशी बोलता आले असते. नवशिक्याने यापेक्षा जोरात धावू नये, असे जाणकार सांगतात. आणि पन्नाशीच्या माणसाने तर मुळीच नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटे पायांपेक्षा डोके जास्त धावत असे. अमक्याची बाकी, तमक्याचा धनादेश, वखारीच्या भिंतीची ओल. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास ही यादी आपोआप विरळ होई. ती संपत नसे. श्वासाला जागा हवी म्हणून जणू बाजूला सरून बसे.

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी धावण्यावर २००७ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हाच अनुभव आहे. धावताना आपण कशाचा विचार करतो, असे लोक विचारतात. वस्तुतः आपण एक पोकळी मिळवण्यासाठी धावतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. मुराकामी हे मुळात दुकानदार होते, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. टोकियोत त्यांनी १९७४ पासून सात वर्षे जाझ संगीताचे एक छोटे उपाहारगृह चालवले. गल्ला, हिशेब, रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाइकांशी बोलणे, हे सर्व त्यांनी केले. तो व्यवसाय विकून पूर्ण वेळ लेखनाला बसल्यावर, १९८२ मध्ये, ते धावू लागले. सात वर्षे माणसांच्या गराड्यात राहिलेल्या मनुष्याला धावण्यात काय सापडले असेल, हे पेठेतील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

छायाचित्रांचे वेड मागाहून आले. डिसेंबरात कृष्णेवर धुके असते. एका सकाळी चिंचेच्या रांगेतील पहिली दोन झाडे दिसत होती, तिसरे अर्धे होते आणि चौथे नव्हतेच. गृहस्थ थांबले, खिशातून मोबाइल काढला आणि समोर धरला. त्याच क्षणी तो वाजला. राजस्थानातील एक खरेदीदार होता. चिंचेखाली उभ्या उभ्या चाळीस पोत्यांचा सौदा झाला. सौदा वाईट नव्हता. पण बोलणे संपवून त्यांनी वर पाहिले तेव्हा चौथे झाड दिसू लागले होते, आणि आपले काहीतरी गेले, अशी हुरहूर त्यांना लागली. नफ्याच्या सौद्यानंतर असे वाटण्याचा तो त्यांच्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग असावा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवला. परतल्यावर तो चालू करताच अकरा न घेतलेल्या कॉलची यादी उमटली आणि तासाभराची शांतता अकरा खुलाशांत वाटली गेली. शिवाय मोबाइल खिशात असला की हात तिकडे जातोच. अखेर त्यांनी कपाटातून एक जुना डिजिटल कॅमेरा शोधून काढला. २००६ च्या महामस्तकाभिषेकासाठी सर्व मंडळी श्रवणबेळगोळला गेली, तेव्हा घेतलेला. साबणाच्या वडीएवढा. बॅटरी मेलेली होती. ती नवी मिळवण्यासाठी दोन आठवडे गेले. या यंत्राची थोरवी अशी, की त्यावर कोणाचाही फोन येऊ शकत नाही. मोबाइल त्यांनी दुकानाच्या किल्ल्यांशेजारी घरीच ठेवला.

धावता धावता छायाचित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. पहाटे प्रकाश कमी, म्हणून कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे राहते. कधी सेकंदाचा पंधरावा भागसुद्धा. तेवढ्या अवधीत हात हलला की चित्र पुसट होते. आणि तीन किलोमीटर धावून आलेल्या माणसाचा हात हलतोच, छातीच्या ठोक्यानिशी हलतो. पहिल्या महिन्याची बहुतेक छायाचित्रे पाण्यात पडल्यासारखी आली. मग हळूहळू युक्त्या सुचल्या. खोडाला पाठ टेकायची, कोपरे बरगड्यांना लावायची, श्वास पूर्ण सोडून द्यायचा आणि पुढचा श्वास घेण्याआधी बटण दाबायचे. श्वास सोडणे आणि घेणे यांच्यामध्ये एवढी निश्चल जागा असते, हे त्यांना या कॅमेऱ्याने शिकवले. घरात अण्णांनी तेच निराळ्या शब्दांत पूर्वी अनेकदा सांगितले होते. पण वडिलांचे सांगणे मुलाला उशिरा ऐकू येते.

विषय म्हणाल तर काहीच नाहीत. गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले एक खोड. ताडपत्रीने बांधून ठेवलेली पानाची टपरी. घाटाच्या ओल्या पायऱ्या, त्यांवर कोणीतरी विसरलेली एक चप्पल. तीच झाडे, तीच टपरी, आठवड्यातून पाच-सहा दिवस. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गवत माजते आणि त्यात गोगलगायी, किडे असतात, म्हणून ते चार महिने डांबराच्या मध्यावरून आणि खाली बघत धावतात. त्या महिन्यांची छायाचित्रेही जमिनीचीच आहेत. खड्ड्यातील पाणी, त्यात उलटी फांदी.

एका रविवारी ते रस्ता सोडून पेठेतच धावले. साडेपाचची वेळ. सर्व दुकाने बंद, हातगाड्या भिंतीला उलट्या लावलेल्या. स्वतःच्या दुकानासमोर त्यांनी कॅमेरा धरला आणि बराच वेळ बटण दाबले नाही. या दुकानात ते तीस वर्षे बसत आले होते. पण बसणारा माणूस आतून बाहेर पाहतो. दुकानाचा माथा त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. फ्लेक्सच्या फलकाच्या वर सागवानी तुळईची दोन कोरीव टोके होती, आणि त्यांच्यामध्ये निळ्या रंगात आजोबांनी लिहून घेतलेले दुकानाचे नाव अर्धवट शिल्लक होते. खाली, शटरच्या बाजूच्या भिंतीवर, पुराच्या पाण्याची रेघ होती. शेजाऱ्यांनी आपापल्या भिंती रंगवून घेतल्या होत्या. यांच्या भिंतीचे काम पैशांअभावी राहिले होते. त्या रेघेचे छायाचित्र त्यांनी काढले. त्यानंतर दर रविवारी काढतात. पावसाने आणि उन्हाने ती रेघ किती अस्पष्ट होत गेली, हे त्या चित्रांवरून सांगता येते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा त्यांनी दोन दिवस आधीच माल वरच्या मजल्यावर हलवला होता. त्या पुराची दुसरी रेघ पहिलीच्या थोडी खाली उमटली. भिंत रंगवायला आता पैसे आहेत. ती अजून रंगवलेली नाही.

अशा छंदाचे पुढे काय होते, ते सर्वांस ठाऊक आहे. कोणीतरी सुचवले आणि धुक्यातील चिंचेचे छायाचित्र समाजाच्या व्हॉट्सॲप समूहावर गेले. बावीस अंगठे आले. एका हितचिंतकाने लिहिले की चित्र उत्तम आहे, खाली एखादा सुविचार घातल्यास सकाळी पाठवायला उपयोगी पडेल. सुप्रभातच्या संदेशांनी देशातील सूर्योदयांची जी अवस्था केली आहे, ती पाहता त्यांनी दुसरे चित्र पाठवले नाही, हे योग्यच झाले. पाठवायचे म्हणून काढलेल्या चित्रात पाहणाऱ्याच्या पाठीशी बावीस माणसे उभी असतात. एका वर्षी मित्रांच्या आग्रहाखातर ते साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनलाही गेले. यवतेश्वरच्या घाटात हजारो माणसे आपापल्या श्वासांत गुंतून चढत असतात, आणि इतक्या गर्दीत कोणी कोणाकडे काही मागत नाही, याचे त्यांना मोठे नवल वाटले. २१ किलोमीटर पुरे करून ते परत आले. पदक देवघराशेजारच्या खुंटीवर आहे. पुन्हा मात्र गेले नाहीत.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने सगळेच थांबले. रस्ता बंद, दुकान बंद, आणि नऊ माणसे चोवीस तास एका छपराखाली. कधी नव्हे तो सर्वांना सर्वांचा सहवास मिळाला आणि दहाव्या दिवशी तो सर्वांना पुरेसा वाटू लागला. गृहस्थ गच्चीवर धावू लागले. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बावीस पावले, मग वळायचे. कॅमेऱ्याला पाण्याची टाकी, वाळत घातलेली कुरडई आणि समोरच्या घराची खिडकी एवढेच विषय उरले. पुण्याहून घरी अडकून पडलेल्या मुलाने त्यांना तेव्हा एका चेक छायाचित्रकाराची चित्रे दाखवली.

योसेफ सुदेक हे त्यांचे नाव. जन्म १८९६ चा. पुस्तके बांधण्याचे काम शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला. मग छायाचित्रणाकडे वळला आणि अवजड लाकडी कॅमेरा एका हाताने पेलत प्राग शहरात फिरला. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले, तेव्हा सुदेक यांनी आपल्या लहानशा कार्यशाळेच्या खिडकीकडे कॅमेरा वळवला. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे त्यांनी ती एक खिडकी टिपली. काचेवरचे दव, काचेवरचे बर्फ, पलीकडचे वेडेवाकडे झाड, कधी चौकटीत ठेवलेला पेला. युद्ध संपले, राज्य बदलले, खिडकी तीच. विशेष हे, की हा मनुष्य घुमा नव्हता. मंगळवारी त्यांच्याकडे मित्र जमत आणि तबकड्यांवर संगीत ऐकत. मंगळवारची मैफल आणि उरलेल्या दिवसांची खिडकी, दोन्ही एकाच खोलीत नांदत.

ही चित्रे पाहिल्यावर गच्चीवरच्या फेऱ्या त्यांना कमी जाचक वाटू लागल्या. समोरची खिडकी त्यांनी दीड महिना टिपली. तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी हात बाहेर काढून पाऊस आहे का ते पाहत. एप्रिल महिन्यात!

आता या हकिकतीतील अवघड भाग. तो पत्नीचा आहे.

टाळेबंदी उठली, हरिपूरचा रस्ता पुन्हा सुरू झाला, आणि एका संध्याकाळी गृहस्थांनी संगणकावर सगळी छायाचित्रे पत्नीला दाखवली. वर्षभराची, एकामागून एक. त्यांनी शांतपणे पाहिली. एका चित्राला ‘हे छान आहे’ असेही म्हटले. मग विचारले, ‘अहो, यात कुठेच माणूस नाही?’

‘त्या वेळी कोणी नसते.’

‘घरात असते की. तुम्ही साडेपाचला जाता, तेव्हा मी उठलेली असते. दूध घ्यायचे, अण्णांचे गरम पाणी, डबे. तुम्ही साडेसहाला येता तेव्हा चहा तयार असतो. तो तास कुठून येतो, हे तुम्ही कधी पाहिलेत का?’

गृहस्थांनी काहीतरी उत्तर दिले. ते चांगले नसावे. कारण त्या पुढे म्हणाल्या, ‘अण्णांची ४८ मिनिटे ठरलेली आहेत, तुमचा तास ठरलेला आहे. माझ्या खात्यावर किती जमा आहेत, तेवढे सांगा.’

व्यापाऱ्याला हिशेबाच्या भाषेत विचारले की तो गप्प होतो. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप आली नाही. आपण दुकानापासून, माणसांपासून, फोनपासून एक तास वाचवला, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो तास घरातीलच दुसऱ्या एका माणसाच्या नावे पडला होता आणि त्याची नोंद कोठेही नव्हती. बायकोला एकांत लागतो, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. तिला सोबत लागते, असे ते धरून चालले होते. धुक्याचा एक दिवस तिला बरोबर न्यावे, असा उदार विचारही त्यांनी केला होता.

स्त्रियांच्या एकांताचा विषय निघाला की शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांची आठवण होते. या बाई जन्मभर दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळत राहिल्या. स्वतःचे घर नाही, कुटुंब नाही, दिवसाचा एक तासही आपला नाही. मुलांना फिरायला नेताना गळ्यात कॅमेरा असे, आणि त्या रस्त्यावरची माणसे, सावल्या, दुकानांच्या काचांत पडलेले स्वतःचे प्रतिबिंब टिपत. कोणाला दाखवत नसत. २००७ मध्ये भाडे थकल्यामुळे त्यांच्या सामानाच्या गाळ्याचा लिलाव झाला आणि त्यातून हा ठेवा बाहेर आला. सगळा मिळून एक लाखाहून अधिक चित्रांचा. पुष्कळ फिती तर धुतलेल्याही नव्हत्या. २००९ मध्ये त्या वारल्या, तोवर जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. हिशेबी मनाला यात थकलेल्या भाड्याची खंत वाटते. पण त्याहून मोठी खंत ही, की ज्या घरांत त्या राहिल्या त्या घरांतील माणसांना आपल्याकडची बाई काय पाहते हे कधी कळले नाही. आणि तिला ते कळू द्यायचेही नसावे.

सांगलीच्या घरात प्रश्न इतका टोकाचा नव्हता. तो व्यवस्थेचा होता, आणि व्यवस्था व्यापाऱ्याच्या हातची असते. चार दिवसांनी गृहस्थांनी पत्नीला सांगितले, की बुधवार आणि शनिवार त्यांचा. त्या दिवशी दूध, गरम पाणी आणि डबे ते स्वतः बघतील. पत्नीने प्रथम ते थट्टेवारी नेले. ‘मी कुठे धावणार या वयात?’ असे त्या म्हणाल्या. धावण्याचे कोणी म्हटलेच नव्हते.

पहिल्या बुधवारी त्या बाहेर पडल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या, कारण गॅसवर काय ठेवले आहे याची काळजी सुटेना. दुसऱ्या खेपेला गावभागातील एक ओळखीच्या बाई भेटल्या आणि ‘एकट्याच का? सगळे ठीक आहे ना?’ असे विचारून त्यांनी सोबत केली. पन्नास वर्षांचे वळण दोन बुधवारांत मोडत नाही. पुरुष एकटा धावत असला की लोक त्याला प्रकृतीची काळजी घेणारा म्हणतात. स्त्री एकटी घाटावर बसली की तिच्या घरची चौकशी करतात. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी दिशा बदलली. कोठे जातात, हे त्यांनी सांगितले नाही आणि गृहस्थांनी विचारले नाही. जुना कॅमेरा त्यांनी देऊ केला होता. तो पत्नीने नाकारला. ‘दाखवायला लागते मग,’ एवढेच त्या म्हणाल्या.

अण्णांना हा बदल समजायला महिना लागला. ८४ वर्षांचे वय, ऐकायला कमी. एका शनिवारी चहा मुलाने आणून दिला, तेव्हा त्यांनी विचारले, ‘सूनबाई कुठे?’

‘फिरायला गेली आहे.’

‘कोणाबरोबर?’

‘एकटीच.’

अण्णांनी चहाचा घोट घेतला. घड्याळाकडे पाहिले. ‘किती वेळ बसते?’ असे त्यांनी विचारले. ते ‘फिरते’ म्हणायचे होते की ‘बसते’च म्हणायचे होते, हे गृहस्थांना कळले नाही. ‘तासभर,’ ते म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि दुकानातून आलेल्या पोऱ्याला सांगितले, ‘बाई घरात नाहीत. नंतर ये.’

आता घरातील वेळापत्रक बसले आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि रविवार हरिपूरच्या रस्त्याला. उरलेले दोन दिवस स्वयंपाकघरात. हळदीचा हंगाम सुरू झाला आणि सौद्यांची धावपळ वाढली, तरी पत्नीचे दोन दिवस हलवायचे नाहीत, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे. चित्रांच्या संग्रहात बुधवार-शनिवारचीही काही चित्रे जमा झाली आहेत. ओट्यावरची वाफ, पातेल्याच्या पाठीवर पडलेला खिडकीचा चौकोन. प्रकाश तेथेही बरा येतो, विशेषतः पावणेसातच्या सुमारास. मात्र चित्र काढताना श्वास सोडून थांबावे लागते, आणि दूध काही थांबत नाही. त्यामुळे बुधवारी ते हमखास उतू जाते, ही पत्नीची तक्रार अद्याप कायम आहे.